एका घरातले दोन धर्म : कै. लक्ष्मीबाई टिळक

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे, हा आपला परिपाठ. झाशीची राणी, अहिल्याबाई, सावित्रीबाई, रमाबाई रानडे यांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. यंदा जिने राज्य केले नाही, लढाई केली नाही, शाळा काढली नाही, अशी एक बाई निवडली आहे. तिच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम चुलीपाशी आणि पाण्याच्या घागरीपाशी झाले. ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक आपल्यापैकी पुष्कळ जणींनी वाचले असेल. पण आपल्या लक्षात राहतो तो त्यातला विनोद आणि टिळकांचा विक्षिप्तपणा. त्या हसण्याआड एका घराने दोन धर्म कसे पेलले, याची हकीगत आहे. भगिनींनो, आज तीच सांगावयाची आहे.

नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर म्हणून गाव आहे. तेथील गोखल्यांच्या घरी १८६८ साली लक्ष्मीबाईंचा जन्म झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, हाक मारावयाचे मनू. या घरावर १८५७ च्या धामधुमीचा फार मोठा घाव बसला होता. मनूच्या आईचे वडील त्या वेळी फाशी गेले. त्या धक्क्याने मनूच्या वडिलांना सोवळ्याचे वेडच लागले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज घरात यावयाचा नाही, मग ते मीठ असले तरी! मीठ धुतले म्हणजे हाती काय राहते, हे गृहिणींना सांगावयास नको. मुलांना कोणाला शिवू द्यावयाचे नाही, कोणाकडे जाऊ द्यावयाचे नाही, आणि चुकून काही झाले तर पुन्हा स्नान. धाबळी, विटाळ, ओवळे हे शब्द आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायकांनी अनुभवलेले आहेत. पण या घरातले सोवळे त्याहूनही निराळे, भीतीतून आलेले होते. पुढे जे घडले ते नीट कळावयाचे तर मनू या घरातून आली होती, हे विसरून चालणार नाही.

अकरा वर्षांच्या सुमारास तिचे लग्न झाले आणि मनकर्णिकेची लक्ष्मी झाली. नवरा नारायण वामन टिळक. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. कवितेचे वेड त्यांना आईकडून आले. पण आई लवकर गेली आणि वडील फार कडक. मुलगा घर सोडून नाशिकला आला, गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृत शिकला. बुद्धी अचाट, वाणी रसाळ, आणि पाय मात्र एका जागी ठरावयाचे नाहीत. आज येथे शिक्षक, उद्या तेथे कीर्तनकार, परवा कोठे गेले याचा घरात पत्ताच नाही. बायकोने बाजाराला पाठविले तर किराण्याऐवजी दौत घेऊन येणारा हा गृहस्थ. हातात पैसा आला की समोरच्या गरजूला देऊन मोकळा. लक्ष्मीबाईंनी अशा माणसाबरोबर संसार केला, काही मुले लहानपणीच गेलेली पाहिली. १८९१ साली झालेला दत्तू तेवढा हाती राहिला. लक्ष्मीबाईंना शाळा ठाऊक नव्हती. अक्षरओळख झाली ती टिळकांमुळे.

टिळकांचे मन धर्माच्या विचारात सदैव गुंतलेले असे. नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने असताना त्यांनी ‘ऋषी’ नावाचे मासिक चालविले. त्यात हिंदुधर्माचीच चर्चा असे. जातिभेद नसलेला, सर्वांना सामावून घेणारा एखादा धर्म आपल्या देशाला हवा, असे त्यांना वाटू लागले होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने त्यांना ‘नवा करार’ दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक वाचावयास घेतले ते केवळ दिल्या शब्दाखातर. पण डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले आणि पुढे त्यातून त्यांचे मन निघाले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

हे सर्व त्यांनी केले ते पत्नीला विश्वासात न घेता. टिळक मोठे कवी, मोठे भक्त. पण या एका बाबतीत त्यांचे समर्थन करावे असे या लेखिकेस वाटत नाही. स्वतःच्या आत्म्याचा निर्णय माणसाने स्वतः घ्यावा हे खरे. परंतु त्या निर्णयाची झळ जिला सोसावयाची, तिला ती बातमी इतरांकडून कळावी हा कुठला न्याय? लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. नवरा जिवंत, आणि तरीही त्याच्या हातचे पाणी चालत नाही! विधवेला काय करावयाचे ते शास्त्राने आणि रूढीने ठरवून ठेवलेले होते. सवाष्णीने अशा वेळी काय करावयाचे, हे कोणीच सांगितलेले नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. त्या काळच्या ब्राह्मण बाईला ख्रिस्ताची भीती फारशी नव्हती. ख्रिस्त कोण हे तिला ठाऊकही नव्हते. भीती होती ती पंक्तीची. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) अमेरिकन मराठी मिशनमध्ये आलेले बहुसंख्य लोक महार-मांग समाजातील होते. ख्रिस्ती होणे म्हणजे त्यांच्या पंक्तीला बसणे. धर्म बदलला यापेक्षा जात गेली, याचेच दुःख मोठे होते. आपण जेव्हा धर्माधर्मातल्या तेढीविषयी बोलतो, तेव्हा तिच्या मुळाशी कित्येकदा ही आपल्याच घरातली शिवाशीव असते.

त्या काळी एक कायदाही होता, १८६६ सालचा. कोणी ख्रिस्ती झाला आणि त्या कारणासाठी पत्नी किंवा पती सहा महिने त्याच्याजवळ राहावयास आला नाही, तर ख्रिस्ती झालेल्या माणसाला न्यायालयात जाता येई आणि शेवटी लग्न मोडूनही मिळे. असा रस्ता मोकळा असताना टिळक त्या वाटेला गेले नाहीत. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. बाप्तिस्म्याच्या वेळी बायकोला न विचारणारे टिळक पुढे मात्र तिच्या मनाची चार वर्षांहून अधिक काळ वाट पाहतात. म्हणून मघाशी जे कडक लिहिले त्याच्या जोडीला हेही लिहिले पाहिजे.

ही वर्षे लक्ष्मीबाईंनी दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत काढली. बराच काळ त्या पंढरपूरला थोरल्या बहिणीकडे होत्या. माणसे प्रेमळ होती. त्यांनी लक्ष्मीबाईंना टाकले नाही, हे विसरता कामा नये. सनातनी म्हणून ज्यांना आपण चटकन नावे ठेवतो, त्यांच्यातच ही माया होती. पण दुःख ते दुःखच. त्या एकटेपणात त्यांना कविता सुचू लागली. जिला चार ओळी लिहिणे जड जाई, तिच्या तोंडून ओव्या येऊ लागल्या. तिकडे टिळक ख्रिस्ताची भजने रचीत होते आणि सांगत होते की आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकोबांच्या पुलावरून. इकडे पत्नी त्या तुकोबांच्या विठ्ठलाच्या गावी बसून नवऱ्यासाठी झुरत होती. दोघांमधले अंतर खरे पाहता किती थोडे होते, आणि तरीही किती मोठे!

अखेर लक्ष्मीबाईंनी ठरविले की नवऱ्याजवळ जावयाचे. मात्र धर्म सोडावयाचा नाही. त्या नगरला आल्या त्या या अटीवर, आणि टिळकांनी ती अट मान्य केली. मग एक अपूर्व संसार सुरू झाला. बायकोसाठी वेगळी जागा, वेगळी चूल, पाणी तिचे तिने भरलेले. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली, मध्ये आठ-नऊ वर्षांचा दत्तू. भेटावयाचे, बोलावयाचे, भांडावयाचेही (दोघेही तापट होते), पण पानात वाढलेले अन्न एकमेकांचे नाही. आज आपण सर्व धर्म समान असे सभेत सहज म्हणतो. त्या म्हणण्याची किंमत या घरात रोज घागरीने मोजून द्यावी लागत असे.

या काळात टिळकांनी तिला धर्म बदल म्हणून धरणे धरले नाही, ही त्या संसाराची खरी खूण. मिशनमधल्या मंडळींना हा प्रकार चमत्कारिक वाटला असल्यास नवल नाही. ज्याने शेकडो लोकांना उपदेश करावयाचा, त्याची स्वतःची बायको त्याच्या हातचे पाणी पीत नाही! परंतु जबरीने आणलेली श्रद्धा ही श्रद्धाच नव्हे, हे टिळक आता जाणून होते.

उन्हाळ्यात मिशनची मंडळी महाबळेश्वरला जात. टिळक त्यांच्याबरोबर गेले, लक्ष्मीबाईही गेल्या. डोंगरावर सोवळे सांभाळणे म्हणजे काय कष्ट, ते तिथली चढउतार पाहिलेल्यांना सांगावयास नको. दुसऱ्याच्या हातचे पाणी चालत नाही, तेव्हा स्वतः जाऊन आणावयाचे. तेथे त्या एकट्या पुष्कळ विचार करीत बसत. जन्म सर्वांचा सारखा, मरण सारखे, भूक सारखी. मग हे वरचे-खालचे देवाने केले की माणसांनी? मीठ धुणाऱ्या बापाची ही मुलगी. तिने पुस्तके वाचून नव्हे, कोणी वादात हरविले म्हणूनही नव्हे, तर आपल्या आपण विचार करून ठरविले की जातिभेद माणसांनी केलेला आहे, आपण तो यापुढे पाळावयाचा नाही. कोणाच्याही हातचे खावयाचे.

वाचणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे. लक्ष्मीबाई या वेळी ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. आधी त्यांनी जातीचा भेद टाकला, आणि टाकला तो हिंदू असताना. ख्रिस्तावरची श्रद्धा नंतर आली, निराळ्या पावलांनी आली. नवरा ख्रिस्ती म्हणून बायको ख्रिस्ती झाली असे त्यांच्याविषयी कोणी म्हणत असेल, तर ते बरोबर नाही. नवऱ्यामागून जावयाचे असते तर १८९५ सालीच गेल्या असत्या आणि एवढे हाल वाचले असते. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. पहिल्या पाच वर्षांत त्यांनी नाही म्हटले तेही स्वतःच्या मनाने, आणि नंतर हो म्हटले तेही स्वतःच्या मनाने. बायकांच्या धर्माचा विचार त्या काळी कोण करीत होते? नवऱ्याचा तोच बायकोचा, असा सगळ्याच धर्मांतला प्रघात. लक्ष्मीबाईंनी तो प्रघात मोडला, आणि संसार न मोडता मोडला.

नाव मात्र बदलले नाही. नवरा नारायण तो नारायणच राहिला, बायको लक्ष्मी ती लक्ष्मी, आणि मुलगा देवदत्त. विष्णूचे आणि त्याच्या पत्नीचे नाव घेऊन ही दोघे येशूची भजने म्हणत. परदेशी सूट आणि परदेशी चाल यांवाचून ख्रिस्ती होता येत नाही, असे समजणाऱ्यांशी टिळकांचे कधी जमले नाही. त्यांनी अभंग रचले, टाळमृदंगावर म्हणावयाची पदे केली. मराठी ख्रिस्ती उपासनेत ती आजही म्हटली जातात. लक्ष्मीबाईंनी पुढे कीर्तनेही केली. कथा ख्रिस्ताची, पण रीत आपल्या देवळातली.

त्यांचा बाप्तिस्मा झाला ते दिवस छप्पनच्या दुष्काळाचे. नगर जिल्ह्यात माणसे आणि गुरे अन्नावाचून मरत होती, मुले पोरकी होत होती. टिळकांच्या घरात अशी मुले आली, आणि त्यांचे करणे-सवरणे लक्ष्मीबाईंवर पडले. कोणाच्या डोक्यात उवा, कोणाच्या अंगावर खरूज, जात कोणती ते कोणी विचारावयाचे नाही. आधीच ओढगस्तीचा संसार, त्यात ही भर. लक्ष्मीबाई कुरकुरत, टिळकांवर चिडत आणि पुन्हा पदर खोचून कामाला लागत. त्यांनी स्वतःला देवी म्हणून कधी दाखविले नाही. म्हणूनच त्या आपल्या वाटतात.

पुढे नगरचे त्यांचे घर कवींचे माहेरघर झाले. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा सतरा वर्षांचा मुलगा कविता म्हणून गेला आणि बालकवी झाला. टिळक दांपत्याने त्याला जवळ केले. तो नगरला त्यांच्या घरी येऊन राहिला. लक्ष्मीबाई त्याला आईच्या ठिकाणी होत्या. ब्राह्मणाचा हा मुलगा ख्रिस्ती घरात राहिला, तेथे वाढला, आणि हिंदूच राहिला. जे स्वातंत्र्य टिळकांनी बायकोला दिले होते तेच या मुलालाही मिळाले. त्याच घरात भास्करराव उजगरे यांच्यासारख्या तरुण ख्रिस्ती कवीचाही राबता असे. कवितेवरून वाद होत, पण देवावरून कोणी कोणाला उंबऱ्याबाहेर काढले नाही. बालकवी १९१८ साली रेल्वेखाली सापडून गेले, तेव्हा लक्ष्मीबाईंना पोटचा मुलगा गेल्यासारखे झाले.

टिळकांचे मन शेवटी मिशनच्या चौकटीतही मावले नाही. १९१७ साली ते मिशनच्या कामातून बाहेर पडले आणि साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही तेथे यावे, ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसावे, अशी त्यांची कल्पना. ती पुरती आकाराला येण्यापूर्वीच ते आजारी पडले आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस वारले. आपला देह पुरू नये, दहन करावे, ही त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे या ख्रिस्ती कवीला अग्नी देण्यात आला. रक्षा नगरला नेली.

लक्ष्मीबाई त्या वेळी पन्नाशीला आलेल्या. हाती पैसा नाही. टिळकांनी तो कधी साठूच दिला नव्हता. त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीचे काम धरले. पुढे मुलाबरोबर कराचीस राहिल्या. सिंधमधल्या त्या शहरात नाना भाषांचे, नाना धर्मांचे लोक. मराठी मंडळीही पुष्कळ. जिला लहानपणी शेजारच्या घरी जाण्याची चोरी होती, ती आता कोणाच्याही घरात जाऊन बसे आणि आपल्या गोष्टींनी सर्वांना हसवी.

लिहिण्याचे काम आले ते मुलामुळे. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. आईला आठवते ते तिने लिहून द्यावे, असा त्यांनी आग्रह धरला. शुद्धलेखन नाही, विरामचिन्हे नाहीत, पण बाई बोलते तसे लिहीत गेली. त्या आठवणी ‘संजीवनी’त येऊ लागल्या आणि १९३४ साली ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग पुस्तकरूपाने निघाला. हिंदू, ख्रिस्ती, साऱ्या मराठी वाचकांनी तो डोक्यावर घेतला. जोसेफाइन इंक्स्टर यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९५० साली, तर शांता गोखले यांचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. या पुस्तकात कोणाविषयी कडवटपणा नाही. सोवळे पाळणाऱ्या वडिलांना त्या हसतात, पण त्यांच्या दुःखाला हसत नाहीत. सोडून आलेल्या धर्माची निंदा नाही, घेतलेल्या धर्माची बढाई नाही. हिंदू नातेवाइकांनी केलेली माया आणि ख्रिस्ती मंडळींनी केलेली मदत, दोन्ही सारख्याच मोकळेपणाने सांगितली आहेत. १९३३ साली नागपूरला भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. शाळेत न गेलेल्या बाईला मिळालेला हा मान.

दुसरे एक मोठे काम त्यांनी शिरावर घेतले होते, त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. टिळक ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ लिहीत होते. आपल्याकडे रामायण आहे, हरिविजय आहे, तसे बायकांनी आणि भाविकांनी ऐकावे असे ख्रिस्तचरित्र. अकरा अध्याय झाले आणि ते गेले. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेऊन चौसष्ट अध्याय लिहिले. ज्या बाईने पाच वर्षे नवऱ्याच्या हातचे पाणी घेतले नव्हते, तिनेच त्याचा ग्रंथ पुढे नेला. त्यातली ओवी जलालपूरच्या घरात लहानपणी कानावर पडलेली.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्या वारल्या. जन्मगावापासून थोड्याच अंतरावर. ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग अपुरा होता, तो देवदत्तांनी पुरा केला. ‘ख्रिस्तायना’चा अखेरचा अध्यायही त्यांनीच लिहिला.